धबधबा मागे सरतो, दरी वाढत जाते

जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेचं पात्र एकाएकी आक्रसतं. नदी धुवांधारच्या कड्यावरून कोसळते आणि पुढे सुमारे ३ किलोमीटर संगमरवराच्या उभ्या भिंतींमधून वाहते. काही ठिकाणी या भिंती ३० मीटरपर्यंत उंच आहेत. पर्यटक धबधबा आणि दरी ही दोन स्वतंत्र ठिकाणं म्हणून पाहतात. प्रत्यक्षात या दोन्हींची जन्मकथा एकच आहे.

हा खडक मुळात समुद्रतळाशी साचलेला चुनखडीसारखा गाळ. दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तो खोल गाडला गेला, उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिक नव्याने घडले आणि डोलोमाइटयुक्त संगमरवर तयार झाला. जिथे सिलिका आणि पाणी यांची त्याच्याशी अभिक्रिया झाली, तिथे शंखजिरं बनलं. ते इतकं मऊ, की नखानेही ओरखडा उठतो. पांढऱ्या भिंतींत मधूनच काळ्या-हिरवट पट्ट्या दिसतात. भेगांमध्ये घुसून थिजलेल्या शिलारसाच्या त्या खुणा.

धबधब्याखाली पाण्याबरोबर वाळू आणि गोटे गरगरत राहतात. ते कड्याचा पाया झिजवतात, पाणी भेगांमधून शिरतं, वरचा खडक निखळतो आणि कडा उगमाच्या दिशेने किंचित सरकतो. कडा मागे हटतो, तशी त्याच्यापुढे दरी लांबत जाते. खडक एकसंध असल्याने बाजू ढासळून उतार होत नाहीत. त्या झिजण्याआधीच नदी तळ खोल करते, म्हणून भिंती उभ्या राहतात.

हे सारं नर्मदा-सोन भ्रंशपट्ट्यात घडतं आहे. हा पट्टा आजही जिवंत आहे. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला हादरवणारा ५.८ तीव्रतेचा भूकंप त्याचाच पुरावा.

दरी कोरण्याचं मुख्य काम होतं पावसाळ्यात. तेव्हा पाणी इतकं चढतं, की धबधबाच बुडून जातो आणि दरीतल्या नावा बंद होतात. आपण हिवाळ्यात निळंशार, संथ पाणी पाहतो, ती नदीच्या विश्रांतीची वेळ.

परिक्रमेच्या किंवा सहलीच्या निमित्ताने अनेक मराठी माणसं इथे येतात. त्यांनी आधी नावेतून दरी पाहावी आणि मग धुवांधारला जावं. दरी म्हणजे झालेलं काम, धबधबा म्हणजे चालू असलेलं. त्या क्रमाने पाहिलं, तर नर्मदेने वाट कशी काढली ते नीट उमगेल.