ब्रायटनच्या एका शाळेचे दार

जून महिना जवळ आला की दर रविवारी आमच्या विहारात पालकांची गर्दी होते. कुणाच्या हातात जातीचा दाखला, कुणाच्या हातात रेशनकार्डाची झेरॉक्स. कारकून माणूस म्हणून अर्ज भरून देण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "साहेब, चांगल्या शाळेत नंबर लागेल ना?" हा प्रश्न केवळ आपल्या वस्तीपुरता नाही. म्हणून आज वाचकांना परदेशातील एका शाळेची हकिकत सांगतो. त्या हकिकतीत आपला माणूसही आहे. तो कुठे उभा आहे ते पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन हे शहर आहे. लंडनचे लोक हवा खायला, समुद्रस्नानाला तिथे जातात. पण जिथे पाहुणे येतात तिथे त्यांची भांडी घासणारे, कपडे धुणारे आणि ओझी वाहणारेही असतातच. त्यांच्याही मुलांना शिक्षण मिळावे म्हणून १८७० साली तिकडे कायदा झाला आणि गावोगावी सरकारी खर्चाच्या शाळा निघाल्या. ब्रायटनमध्ये यॉर्क प्लेस येथील शाळा १८८४ सालची. पुढे ती नगरपालिकेची माध्यमिक शाळा झाली. त्या काळी माध्यमिक शिक्षणाला फी पडत असे. १९०७ साली सरकारने नियम केला की, ज्या शाळेला पुरे अनुदान हवे तिने चौथा हिस्सा जागा फीशिवाय द्याव्यात. म्हणजे चारांत एक. त्या एका जागेसाठी गरिबाच्या मुलाने परीक्षा द्यायची.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्सच्या चिखलात इंग्रजांसाठी लढायला हिंदी पलटणी गेल्या. जखमींना आणण्यासाठी ब्रायटनमध्ये तीन जागा घेतल्या गेल्या. एक राजाचा जुना महाल, रॉयल पॅव्हिलियन. दुसरी गरीबखान्याची इमारत. आणि तिसरी आपली ही यॉर्क प्लेसची शाळा! मुले बाहेर गेली, वर्गांतून खाटा लागल्या. फळ्यासमोर पंजाबी, गढवाली, गुरखा शिपाई झोपले. शहरातील या इस्पितळांतून सुमारे १२ हजार हिंदी सैनिकांवर उपचार झाले.

आता महालातील व्यवस्था ऐका. तिथे वेगवेगळ्या धर्मांसाठी आणि जातींसाठी ९ स्वयंपाकघरे उभारली होती. हिंदूंचा पाण्याचा नळ वेगळा, मुसलमानांचा वेगळा. फलक हिंदी, उर्दू आणि गुरुमुखीत. आणि झाडलोट करणारे, मैला उचलणारे जे अस्पृश्य सेवक सोबत आणले होते, त्यांना राहायला बाहेरच्या आवारात वेगळे तंबू! गोळी लागताना जात विचारली जात नाही, मलमपट्टी करतानाही इंग्रज डॉक्टर विचारत नव्हता. पण गावाबाहेरचा महारवाडा मात्र सात समुद्र ओलांडून ब्रायटनच्या हिरवळीवर जसाच्या तसा उभा राहिला. इंग्रजांनी या बडदास्तीची छायाचित्रे काढून आपण हिंदी धर्मभावनांची किती काळजी घेतो हे जगाला अभिमानाने दाखविले. कुणाच्या भावनांची, हे विचारायला तंबूतले लोक मोकळे नव्हते.

आपल्यापैकी कुणी विचारेल की, शिपायांत आपले लोक का नव्हते? तर, १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चे खूळ काढून इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. १९१७ साली माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ साली मोडली.

ब्रायटनच्या पश्चिमेला ब्रॉकनहर्स्ट नावाचे खेडे आहे. तिथेही हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. बरेलीहून आलेला सुखा नावाचा सफाई सेवक त्या इस्पितळात काम करीत असे. जानेवारी १९१५ मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी तो वारला. हकिकत अशी सांगतात की, अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन नाकारले आणि मुसलमान नाही म्हणून त्यांच्या दफनभूमीतही जागा मिळाली नाही. अखेर तिथल्या ख्रिस्ती पाद्र्याने त्याला चर्चच्या आवारात मूठमाती दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून थडग्यावर दगड बसविला. तो दगड आजही आहे.

पुन्हा शाळेकडे वळू. हिंदी सैनिक १९१६ च्या सुरुवातीपर्यंत निघून गेले. यॉर्क प्लेसची जागा पुढे अपुरी पडू लागली. शहराबाहेर व्हार्नडीन नावाच्या चढावर नव्या इमारती झाल्या. १९२६ साली मुलींची शाळा तिथे गेली, १९३१ साली मुलांची. मुली आधी गेल्या, हे वाचून मला बरे वाटले. १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षणाची फी गेली. पण अकराव्या वर्षी परीक्षा आली. पास झाला तो व्हार्नडीनसारख्या ग्रामर शाळेत, नापास झाला तो हातकामाच्या वाटेला. १९७५ च्या सुमारास ब्रायटनमध्ये तीही चाळणी बंद झाली आणि व्हार्नडीन सर्वांसाठी खुली झाली.

दार खुले झाले, पण दाराजवळ घर कुणाचे? चांगल्या शाळेच्या आसपासची घरे महागली आणि पैसेवाले तिथे राहायला आले. व्हाइटहॉक या गरीब वस्तीतील माध्यमिक शाळा २००५ साली बंद पडली. मूलस्कूम वस्तीतील मुले जात ती फाल्मर शाळा २०१० साली 'अकादमी' झाली, म्हणजे नगरपालिकेच्या हातून सुटून एका उद्योगपतीच्या प्रतिष्ठानच्या आश्रयाला गेली. व्हार्नडीन मात्र नगरपालिकेकडेच राहिली. श्रीमंत आळीतली शाळा सरकारी आणि गरीब वस्तीतली देणगीदाराच्या भरवशावर, हे मला उलटे वाटते. इमारत नवी मिळाली हे खरे, तेही नोंदवले पाहिजे.

नगरपालिकेने २००८ च्या प्रवेशांपासून चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आणली. जागा कमी, अर्ज जास्त असतील तिथे घराचे अंतर न मोजता सोडत काढायची. इंग्लंडभर गाजावाजा झाला. पण सोडत आपापल्या हद्दीपुरतीच होती, आणि हद्दीच्या रेषा आखल्या होत्या कचेरीत. अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा गरीब मुलांचा फारसा फायदा झालेला दिसला नाही. मीही कचेरीत बसणारा माणूस आहे. नकाशावरची रेषा पेन्सिलीने किती सहज सरकते ते मला ठाऊक आहे.

२०२५ च्या प्रवेशांपासून शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गरीब मुलांना तिथे ठरावीक प्रमाणात अग्रहक्क मिळाला. त्यापुढचे पाऊल म्हणून हद्दीबाहेरच्या मुलांसाठी २० टक्के जागा मोकळ्या ठेवाव्यात, असा प्रस्ताव नगरपालिकेने मांडला. चांगल्या हद्दीतल्या पालकांनी आरडाओरड केली. २०२५ च्या आरंभी मंजूर झाले ते ५ टक्के. तीस मुलांचा वर्ग धरला, तर माझ्या हिशेबाने दीड मूल.