खुर्चीतून घसरणाऱ्या ज्येष्ठांना आधार कसा द्यावा?

क्युपर्टिनो : ॲपलचे मुख्यालय असलेल्या या सुमारे साठ हजार वस्तीच्या शहरात भारतीय कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. नव्वदच्या दशकात संगणक अभियंते म्हणून येथे आलेली पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे आणि त्यांपैकी अनेकांवर ऐंशी-नव्वदीतील आईवडिलांच्या शुश्रूषेची जबाबदारी आहे. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंशामुळे ज्यांचा बहुतेक दिवस खुर्चीत जातो, त्यांच्याबाबत एक अडचण वारंवार उद्भवते. नीट बसवलेली व्यक्ती थोड्याच वेळात पुढे सरकते, मान खाली जाते आणि कधी ती जमिनीवर येते. मग जुनी साडी, ओढणी किंवा बाजारातून आणलेला पट्टा पोटाभोवती आवळला जातो. त्यामागे माया असते. तरीही हा उपाय जिवावर बेतू शकतो. देह पट्ट्याखालून आणखी सरकला, तर पट्टा छातीवर किंवा गळ्याशी येतो आणि श्वास कोंडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा बंधनसाधनांच्या धोक्याविषयी १९९२ मध्येच सावधगिरीची सूचना दिली होती.

घसरण सुरू होते कटिभागापासून

माणूस ताठ बसतो तेव्हा शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि मांड्यांवर विभागला जातो. कटिभाग मागे कलला की भार माकडहाडाकडे जातो, पाठीला पोक येतो आणि बैठक पुढे सरकू लागते. खोल आणि मऊ सोफ्यावर किंवा रिक्लायनरवर तासन्‌तास बसणाऱ्यांची हीच स्थिती होते.

यामागची कारणे बहुधा साधी असतात. बैठक प्रमाणाबाहेर खोल असेल, तर गुडघे कडेला अडतात आणि पाठ टेकवण्यासाठी कटिभागाला मागे कलावेच लागते. पाय अधांतरी असतील, तर टेकू शोधताना देह पुढे जातो. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असताना पायांची सूज कमी व्हावी म्हणून पाय उंच ठेवले, तर तेच स्नायू कटिभागाला पुढे खेचतात. गुळगुळीत कापडाचा गाऊन आणि निसरडे आवरण यांची त्यात भर पडते.

घसरताना आणखी एक हानी होते, ती डोळ्यांना दिसत नाही. हाडे पुढे जातात, त्वचा मात्र आसनाला चिकटून मागे राहते. मधल्या ऊती आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या ताणल्या जातात. दाबव्रण, म्हणजे ज्यांना आपण बेडसोर म्हणतो, ते अशा रीतीने खुर्चीतही होतात. अनेक घरांत वापरली जाणारी हवेची रबरी चकती येथे उपयोगी पडत नाही. तिच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून तज्ज्ञ ती टाळण्यास सांगतात.

आधी खुर्चीचे माप

आसनयोजनेचा पहिला नियम म्हणजे खुर्ची माणसाच्या मापाची असावी. कटिभाग पाठीच्या टेकूपर्यंत मागे नेल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा उरावी. तळपाय पूर्ण टेकावेत आणि कोपरांना हातांच्या टेकूचा आधार मिळावा. एवढ्यानेच अनेकांची घसरण कमी होते.

त्यानंतर साधनांचा विचार करावा. आसन आणि उशी यांच्यामध्ये ठेवलेली न घसरणारी चटई उशीला जागेवर धरते. पुढचा भाग किंचित उंच असलेली खास उशी बैठकीच्या हाडांना पुढे सरकू देत नाही. मांड्यांच्या मधोमध येणारा उंचवटा केवळ पाय विलग ठेवण्यासाठी असतो. घसरणे थांबवण्यासाठी त्याचा वापर केल्यास नाजूक भागाला इजा होते.

खुर्ची मागे नेण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. रिक्लायनरमध्ये फक्त पाठ मागे जाते. ती पुन्हा उभी करताना देह हमखास पुढे ढकलला जातो. ‘टिल्ट’ प्रकारच्या चाकाच्या खुर्चीत बैठक आणि पाठ यांच्यातील कोन कायम राहतो आणि सबंध आसन मागे कलते. त्यामुळे घसरण रोखली जाते आणि दाबाची जागाही बदलते. जेवताना मात्र अशी खुर्ची सरळ करावी, अन्यथा घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पट्ट्याचा क्रम शेवटचा. तो पोटावर कधीही येऊ नये. मांड्या आणि धड जिथे मिळतात, तिथे बैठकीशी साधारण ४५ अंशांच्या कोनात तो बसवला जातो. बसण्याच्या स्थितीसाठी लावलेला हा पट्टा मोटारीतील सुरक्षापट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. प्रवासात खुर्ची वाहनाला बांधणे आणि प्रवाशाला स्वतंत्र सुरक्षापट्टा लावणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

आधार आणि बंधन

१९८७ च्या संघीय सुधारणा कायद्याने नर्सिंग होममधील रहिवाशांना अनावश्यक बंधनांपासून मुक्त राहण्याचा हक्क दिला. शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही बांधून ठेवता येत नाही. शरीराला जोडलेले साधन व्यक्तीला सहज काढता येत नसेल आणि त्यामुळे तिची हालचाल अडत असेल, तर ते बंधन ठरते. त्याचे नाव काय आहे, हा मुद्दा गौण आहे. म्हणूनच एकच पट्टा एका आजोबांसाठी आधार आणि दुसऱ्यांसाठी बंधन असू शकतो.

कॅलिफोर्नियात ज्येष्ठांच्या निवासी शुश्रूषागृहांसाठीची नियमावली हीच रेषा अधिक स्पष्ट करते. शरीराची स्थिती राखणाऱ्या साधनासाठी डॉक्टरांचा लेखी आदेश नोंदीत असावा लागतो, रहिवाशाला ते चटकन सोडवता आले पाहिजे आणि हातपाय बांधण्यास पूर्ण मनाई आहे. घरात ही नियमावली लागू होत नसली, तरी ‘आईला हे स्वतः सोडवता येते का?’ ही कसोटी घरातही तितकीच उपयोगी आहे.

तपासणी आणि खर्च

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी आणि आसनविषयक मूल्यमापनासाठी ऑक्युपेशनल किंवा फिजिकल थेरपिस्टकडे पाठवण्याची विनंती करावी. वैद्यकीय गरज सिद्ध झाल्यास चाकाची खुर्ची आणि पात्र उशांचा मान्य खर्च, वार्षिक वजावटीनंतर, मेडिकेअरचा ‘भाग ब’ ८० टक्क्यांपर्यंत उचलतो. मात्र ‘घसरतात’ एवढी नोंद पुरत नाही. निदान, त्वचेची अवस्था आणि घरातील वापराची गरज कागदावर यावी लागते. अमेरिकेत पुरेशी नोकरी न केलेल्या ग्रीनकार्डधारक पालकांना हप्ता भरून मेडिकेअर घेण्यासाठीही सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना ही सुविधा नाही. अशा पालकांचे मूल्यमापन भारतातच करून घेणे श्रेयस्कर ठरते. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच क्षेत्रात काम करते.

घसरणे हेही एक सांगणे

पुढे सरकणारी प्रत्येक व्यक्ती तोल गेल्यामुळेच सरकते असे नाही. कोणाला लघवीला जायचे असते, कोणाचे माकडहाड दुखत असते, कोणाला नुसता कंटाळा आलेला असतो. स्मृतिभ्रंशात पुढे शिकलेली इंग्रजी आधी विरते आणि बोलणे पुन्हा मराठीवर येते. ‘मला उठव’ हे शब्द परिचारिकेला कळले नाहीत, तर उठण्याची धडपड ‘अस्वस्थ वर्तन’ म्हणून नोंदवली जाते आणि पट्ट्याची मागणी पुढे येते.

संघीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांना व नर्सिंग होमना विनामूल्य दुभाष्याची सोय करावी लागते. मूल्यमापनाच्या वेळी ती जरूर मागावी. ‘लघवी’, ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘उठायचंय’ असे आठ-दहा शब्द रोमन लिपीत, अर्थासह लिहून खुर्चीजवळ लावता येतात. घसरण दिवसाच्या कोणत्या वेळी होते, याची आठवडाभर नोंद ठेवावी. ती रोज दुपारी जेवणानंतर तासाभराने होत असेल, तर त्या वेळी शौचालयात नेणे हा कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित उपाय ठरेल.