गारेची वाट आणि बिनट्यूबचे चाक

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे एक छोटे शहर आहे. शहराबाहेर पडले की डांबरी सडक संपते आणि खडीचे पांढुरके रस्ते गवताळ टेकड्यांतून दूरवर पळत सुटतात. या टेकड्यांचे नाव ‘फ्लिंट हिल्स’. फ्लिंट म्हणजे आपली चकमकीची गार! चुनखडीच्या थरांत ती जागोजाग दडलेली आहे. या खडकाळ जमिनीने नांगराला दाद दिली नाही, म्हणून तर उंच गवताचे ते माळरान आजवर वाचले. जिने नांगर परतवला, ती गार सायकलच्या टायरला काय जुमानणार?

तरीही २००६ पासून लोक येथे हौसेने सायकली घेऊन शर्यतीला येतात. आज ही शर्यत ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. तिचा मुख्य पल्ला २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरचा. आपल्या माणसांची मदत मिळायची ती ठरलेल्या थांब्यांवरच. मध्येच टायर फाटला, तर वर्षभराची मेहनत माळावर बसून पाहायची! म्हणूनच येथे जमणाऱ्यांच्या गप्पांत ‘टायर कोणता?’ हा प्रश्न हमखास निघतो.

डन्लप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हापासून ट्यूब आणि पंक्चर यांची जोडी आपल्या परिचयाची आहे. खडीवर हवा थोडी कमी असलेली बरी. चाक उसळत नाही, पकड राहते. पण हवा कमी केली, की दगड आणि रिम यांच्या कात्रीत ट्यूब सापडते आणि तिला सर्पदंशासारखी जोडभोके पडतात. यावर उपाय काय? ट्यूबच काढून टाकायची!

बिनट्यूबच्या चाकात टायरचा काठ रिमवर घट्ट बसतो, आऱ्यांची भोके पट्टीने बंद केलेली असतात आणि आत थोडा पातळ द्रव ओततात. हा द्रव बहुधा रबराच्या चिकाचा. काटा घुसला, की सुटणारी हवा हा चीक भोकाकडे ढकलते. तो तेथेच थिजतो आणि भोक बुजते. स्वाराला पुष्कळदा पत्ताही लागत नाही.

मात्र गारेने कापलेली लांब चीर चिकाला आवरत नाही. म्हणून निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली रुंदी. अशा वाटेला ४० ते ५० मिलिमीटरचा टायर लागतो. पण तो सायकलच्या चिमट्यात बसून दोन्ही बाजूंना चिखलापुरती जागा उरली पाहिजे. दुसरी गोष्ट बाजूची भिंत. वरच्या नक्षीवर आपण भाळतो, पण गार घाव घालते तो बहुधा बाजूला. भिंतीला जादा अस्तर असलेला टायर शंभरएक ग्रॅमने जड भरेल, किंचित सुस्तही वाटेल, ते सोसावे. तिसरी गोष्ट रिमशी जुळणी. टायरवर ‘४५-६२२’ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. व्यास तंतोतंत जुळायलाच हवा. रिमच्या कडेला आतून आकडा नसेल, तर कारखान्याने मान्य केलेलाच टायर घ्यावा आणि हवेची मर्यादा ओलांडू नये. तेथे हयगय झाली, तर टायर रिमवरून निसटून स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

मध्यम वजनाच्या माणसाला ४५ मिलिमीटरच्या टायरात तीस पौंडांच्या आसपास हवा पुरते. चीक काही महिन्यांत सुकतो, तेव्हा तो अधूनमधून घालत राहावे. आणि खिशात दोन वस्तू असाव्यातच: चिरेत खुपसायची रबरी वात, आणि... हसू नका, एक ट्यूब! वातही हरली, की शेवटी तीच जुनी मैत्रीण घरी पोचवते.

दुकानात उभे राहिले, की हलका टायर हाताला मोह घालतो. अशा वेळी आपल्या वाटेचा गुळगुळीत भाग आठवू नये. सर्वांत वाईट मैल आठवावा आणि त्याच्यासाठी टायर घ्यावा. बाकीचे मैल कोणत्याही टायरवर निघतात.