बोरघाटाचा हिशेब

नाणेघाटातला जकातीचा रांजण, सातवाहनांचा शिलालेख, कल्याण-सोपाऱ्याची बंदरं हे सारं वाचकांना ठाऊक आहे, तिथे रेंगाळत नाही. सह्याद्रीच्या वाटांनी उतरणाऱ्या मालाला डोंगराची किंमत मोजावी लागे. ती नेमकी कोण मोजतं, या प्रश्नाने मला कित्येक वर्षं लोणावळा-खोपोलीदरम्यानच्या बोरघाटात गुंतवून ठेवलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. देशावरचा कापूस आणि धान्य बैलांच्या पाठीवरून कोकणात उतरे, आणि पावसाळ्यात ही वाहतूक जवळजवळ ठप्प होई. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने घाटात गाडीरस्ता खुला केला. पुढे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापसाला पर्याय हवा झाला आणि रेल्वेची घाई सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनीच्या भागधारकांना 5 टक्के व्याजाची हमी होती. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे डोंगर कितीही महाग पडो, लंडनच्या गुंतवणूकदाराला त्याची झळ लागणार नव्हती. ही अट विसरून बोरघाटाच्या बोगद्यांचं कौतुक करणं मला पटत नाही.

मुख्य अभियंता जेम्स बर्कलीने आखलेला चढ सुमारे 16 मैलांचा, 1,831 फूट उंची गाठणारा, 25 बोगद्यांचा होता. पहिला ठेकेदार विल्यम फॅव्हिएल. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकीच हा एक. जानेवारी 1859 मध्ये मजुरीच्या पैशांवरून घाटातले मजूर भडकले आणि गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले. ठेकेदार, त्याखाली उपठेकेदार, त्याखाली मुकादम अशा उतरंडीत मजुराच्या हाती पैसा पोचेपर्यंत तो आटत असे. फॅव्हिएलने त्याच वर्षी काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही दिवसांतच वारला. मग त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका आपल्याकडे घेतला आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोघांच्या हाती कारभार देऊन काम तडीस नेलं. रेल्वेच्या इतिहासात तिला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 1860 चा नववा कायदा. सार्वजनिक बांधकामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, अशी त्यात तरतूद झाली. कागदावर हा मजुराच्या बाजूचा कायदा दिसतो. पुढे वाचलं की कळतं, करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला त्यात तुरुंग होता. घाटातलं काम पावसाळ्यात बंद पडे. मजूर शेतीसाठी गावी परतत आणि दिवाळीच्या आसपास माणसं पुन्हा जमवावी लागत. 1861 मध्ये त्यांची संख्या 40 हजारांवर गेली. झोपड्यांच्या दाटीत कॉलरा पसरला की वाचलेले पळ काढत. काम सोडून जाता येणं, हीच मजुराची एकमेव ताकद होती आणि ती त्याला पावसाने, शेतीने, म्हणजे या भूगोलानेच दिली होती. कायद्याने नेमकी तीच काढून घेतली. हा कायदा 1932 पर्यंत अंमलात होता.

21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते मार्ग खुला झाला. बर्कली आदल्या वर्षीच वारला होता.

त्यानंतर अर्ध्या शतकात घाटाचा हिशेबच उलटला. ज्या पावसाने व्यापार अडवला, तोच टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात तलावांत अडवला. ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि 1915 पासून मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. मग टाटांच्याच मुळशी धरणाची पाळी आली. जमिनी धरणाखाली जाणार म्हणून मावळे शेतकरी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला उभे राहिले. तरी धरण झालं आणि गावं बुडाली. मुळशीचं पाणी डोंगर पोखरून कोकणात, भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळवण्यात आलं.

भीमेच्या खोऱ्यात पडणारं, कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जाणारं हे पाणी आजही वीज बनून झाल्यावर पश्चिमेच्या समुद्राकडे वाहतं. ते परत पूर्वेला वळवा, अशी मागणी भीमा खोऱ्यातून होत असते. मुंबईने त्यातून घेतलेल्या विजेचा हिशेब चोख ठेवला गेला, बुडालेल्या शिवारांचा तसा कधीच ठेवला गेला नाही. पाणी वाटपाच्या पुढच्या बोलणीत आधी तो मांडला जावा, असं मला वाटतं.