कळ तीच, अक्षर निराळे

संगणकाच्या कळफलकावर मराठी उमटू लागली म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला, असा समज रूढ आहे. तो किती अपुरा आहे, हे ‘व्हिम’ या एडिटरवर मराठी लिहिणाऱ्यास तत्काळ कळते.

या एडिटरचा पूर्वज ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कले येथे रचला. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण कोरलेले होते. म्हणून मजकुरात फिरण्याच्या आज्ञा त्या अक्षरांना चिकटल्या. १९९१ मध्ये आलेल्या ‘व्हिम’नेही तो वारसा जपला. लेखनाची अवस्था संपली, की त्यात प्रत्येक अक्षर ही आज्ञाच ठरते.

भारतीय मानक ब्युरोने १९९१ च्या मानकात समाविष्ट केलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत मात्र एचच्या जागी ‘प’ आहे, जेच्या जागी ‘र’, केच्या जागी ‘क’ आणि एलच्या जागी ‘त’. एका ओळीने खाली उतरू पाहणाऱ्याने जे दाबली, की एडिटरच्या कानी ‘र’ पडतो. आणि ‘र’ नावाची आज्ञा त्यास ठाऊक नाही! मग प्रत्येक दुरुस्तीसाठी कळफलक इंग्रजी करा, पुन्हा मराठी करा, ही येरझार. प्रश्नपत्रिका सिद्ध करणाऱ्या शिक्षकाचे लक्ष आशयावरून उडते ते इथेच.

‘लँगमॅप’ ही सोय यावर उतारा आहे. ‘र’ आल्यास जे समजावे, ‘क’ आल्यास के, अशा जोड्या एकदा लिहून ठेवल्या, की आज्ञेच्या अवस्थेत त्या लागू होतात. लेखनाच्या अवस्थेत ‘र’ हा ‘र’च राहतो. परंतु रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्या कारकुनाला ही यादी चालत नाही. त्याने आपली निराळी करावी.

वस्तुतः कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवीतच नाही. पाठवितो तो कळेचा क्रमांक. अक्षराचे रूप त्याला मागाहून मिळते. तेव्हा आज्ञा कळेच्या जागेशी बांधणे अशक्य नव्हते. डिलीटसाठी डी, ही आठवणीची खूण मोडेल, असा आक्षेप येईल. तो रोमन लिपीत लिहिणाऱ्यापुरता खरा आहे. जे म्हणजे खाली, यात मात्र कोणत्या भाषेची खूण आहे? तेथे निव्वळ बोटाची जागा आहे. आणि ती जागा मराठी लिहिणाऱ्याच्याही बोटाखाली आहेच.