शेवट असलेला खेळ : जपानी रहस्यखेळांच्या प्रतीक्षेत

रहस्यकथेच्या वाचकाला दोनदा वाट पाहावी लागते. एकदा हातातील पुस्तकाच्या शेवटाची आणि ते मिटल्यावर पुढच्या पुस्तकाची. बाबूराव अर्नाळकरांच्या (१९०६–१९९६) झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा ज्या पिढीने वाचनालयातून आणून वाचल्या, तिला या दोन्ही प्रतीक्षा चांगल्या परिचयाच्या आहेत. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, तरी वाचकांची ओढ कमी झाली नाही. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर ज्या कोल्हापुरात आहे, त्या शहराला वाचनाचे वेड नवे नाही.

आजची तरुण पिढी मात्र वेगळ्या रहस्यांची वाट पाहत आहे. ही रहस्ये जपानमधून येतात, पडद्यावर उलगडतात आणि त्यांना व्हिडिओ गेम म्हटले जाते. ‘प्रोफेसर लेटन’ या मालिकेच्या ‘न्यू वर्ल्ड ऑफ स्टीम’ या नव्या भागाची घोषणा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. तो २०२५ मध्ये यायचा होता, पुढे तो २०२६ वर गेला. एका कथेसाठी तीन तीन वर्षे थांबणाऱ्या मुलांना ‘या पिढीला धीरच नाही’ असे म्हणता येणार नाही.

‘गेम’ या शब्दाची भीती

व्यापारी घरात ‘गेम’ हा शब्द निघाला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते आणि तिला सबळ कारण आहे. मोबाइलवरील पैशांच्या खेळांनी अनेक घरांची झोप उडवली. रात्रीत रक्कम दुप्पट करण्याच्या नादात गल्ल्यातील पैसा, मग उसनवारी आणि शेवटी घराण्याची पत, अशी ही उतरण असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक स्वरूपाच्या खेळांना मात्र वेगळे स्थान दिले. म्हणजे ‘गेम’ या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न वस्तू येतात, हे आता कायद्यानेही मानले आहे. घरातही हा भेद करता आला पाहिजे.

भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे : या खेळाला शेवट आहे का? पैशांच्या खेळाला शेवट नसतो. हरलेला भरपाईसाठी आणि जिंकलेला हावेपोटी पुन्हा बसतो. अनेक फुकट मिळणाऱ्या खेळांची रचनाही अशीच असते. आत शिरताना पैसे पडत नाहीत, पण पुढे पावलोपावली मोजावे लागतात. रहस्यखेळ हा पुस्तकासारखा असतो. एकदा किंमत द्यावी, वीस-तीस तास कथा अनुभवावी आणि गुन्हेगार सापडला की खेळ संपतो. नंतर मूल पडद्यापासून उठते, कारण पुढे पाहण्यासारखे काही उरलेले नसते. ‘अजून थोडाच वेळ’ या रोजच्या वादात घरात किती कटुता येते, हे जाणणाऱ्या पालकांना या गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही.

सावकाराचा मृत्यू आणि बंद खोली

या प्रकाराची पायवाट जपानमध्ये १९८३ साली पडली. युजी होरी या तरुण लेखकाने संगणकासाठी ‘पोर्टोपिया रेन्झोकु सात्सुजिन जिकेन’, म्हणजे ‘पोर्टोपिया खूनमालिका’, हा खेळ रचला. एनिक्स या कंपनीने तो प्रकाशित केला. कोबे या बंदराच्या शहरात कर्जे देणाऱ्या एका पेढीचा मालक आतून बंद असलेल्या खोलीत मृत आढळतो. खेळणारा असतो तपास अधिकारी. त्याने आज्ञा द्यायची आणि यासु नावाच्या सहायकाने ती पार पाडायची. आरंभी या आज्ञा शब्दांत टंकाव्या लागत. संगणकाला शब्द कळला नाही, तर तपास तिथेच अडत असे. १९८५ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी हाच खेळ आला, तेव्हा ‘पाहा’, ‘विचारा’, ‘शोधा’, ‘दाखवा’ अशा आज्ञांची यादी पडद्यावर देण्यात आली. आजही बहुतेक जपानी रहस्यखेळ याच चौकटीत बसतात. त्यांत बंदूक नाही, धावपळ नाही. पाहणे, विचारणे, लक्षात ठेवणे आणि पडताळणे एवढीच साधने असतात.

१९८८ साली निन्टेन्डोनेच योशिओ साकामोतो यांच्या लेखणीतून ‘फॅमिकॉम डिटेक्टिव्ह क्लब’ ही मालिका आणली. तिच्या पहिल्या कथेत एका धनाढ्य उद्योगी घराण्याच्या वृद्ध प्रमुख स्त्रीचा मृत्यू होतो आणि मृत्युपत्र व वारसा यांभोवती संशयाचे जाळे विणले जाते. वाटणी, विश्वासू मुनीम, दुरावलेले नातेवाईक यांच्या कथा आपल्याला परक्या नाहीत. व्यवहारात जिथे पैसा आणि नाते एकत्र येतात, तिथे खरे काय आणि खोटे काय हे शोधणे किती कठीण असते, हे पेढीवर बसणाऱ्याला अधिक कळते.

या परंपरेचे मूळ पुस्तकांतच आहे. एडोगावा राम्पो (१८९४–१९६५) हे जपानी रहस्यकथेचे आद्य पुरुष मानले जातात. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या नावाचा जपानी उच्चार घोळवून त्यांनी हे टोपणनाव घेतले. त्यांची पहिली गाजलेली कथा १९२३ मध्ये आली आणि तिचे नावच ‘दोन सेनचे तांब्याचे नाणे’ असे होते. पुढे त्यांनी मुलांसाठी बालगुप्तहेरांच्या कथा लिहिल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्या मुलांशी चटकन ओळख पटेल.

रोजकीर्द आणि खतावणी

सर्वांत लोकप्रिय ठरला तो न्यायालयातील खेळ. कॅपकॉम कंपनीचे शू ताकुमी यांनी २००१ मध्ये ‘ग्याकुतेन साइबान’ तयार केला. इंग्रजीत तो ‘एस ॲटर्नी’ म्हणून ओळखला जातो. नायक आहे एक नवशिका बचाव वकील. त्याचे जपानी आडनाव ‘नारुहोदो’, म्हणजे आपल्याकडे एखादी गोष्ट उमगल्यावर म्हणतात तसे ‘अस्सं होय!’

खेळाची रीत अशी : साक्षीदार आपली साक्ष देतो. ती वाक्यावाक्याने पुन्हा वाचता येते. प्रत्येक वाक्याला प्रश्न विचारता येतो. जिथे साक्ष आणि हाती असलेला पुरावा यांचा मेळ बसत नाही, तिथे नेमका तो पुरावा पुढे करून आक्षेप घ्यायचा. पहिल्याच खटल्यात एक साक्षीदार सांगतो, की दूरदर्शन संचाच्या आवाजावरून मला वेळ कळली. वकिलाच्या कागदांत मात्र त्या वेळी इमारतीत वीज नव्हती अशी नोंद असते. उगाच आक्षेप घेत सुटणाऱ्याला दंड होतो आणि ठरावीक चुकांनंतर खटला हातचा जातो.

जुन्या पेढीवर नवख्या मुलाला हेच शिकवले जात असे. रोजकीर्दीतील रक्कम खतावणीत उतरली आहे का, बिल्टीवरील तारीख आणि माल आल्याची नोंद जुळते का, उधारीचा तोंडी वायदा आणि लिहिलेला वायदा एकच आहे का? फरक दिसला म्हणून लगेच कोणाला चोर ठरवायचे नाही. आधी कागद काढायचे, मग बोलायचे. संगणकावर हिशेब आपोआप जुळू लागल्यापासून ही नजर घडवण्याची संधी मुलांना कमी मिळते. खेळातून ती पूर्णपणे घडेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. तथापि, ऐकलेले वाक्य पुन्हा तपासून पाहण्याची सवय तिथे लागते, आणि बनावट संदेश व खोट्या पेमेंटच्या चित्रांवरून व्यापारी फसवले जातात अशा काळात ही सवय थोडीथोडकी नाही.

कोल्हापूरकरांना न्यायालयाचे आकर्षण सध्या वेगळ्या कारणानेही आहे. अनेक दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज येथे सुरू झाले. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्या जपानी खेळात खटला तीन दिवसांत निकाली काढण्याचा नियम आहे. आपल्या पक्षकारांना तो ऐकून हसू येईल. पण त्यामागे गंभीर टीका आहे. जपानमध्ये खटल्यास उभ्या राहिलेल्या आरोपींपैकी ९९ टक्क्यांहून अधिक दोषी ठरतात. आरोपी म्हणजे अपराधीच, हे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेत एकटा वकील काय करू शकतो, हा त्या विनोदी खेळाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. २००९ पासून जपानने गंभीर गुन्ह्यांच्या सुनावणीत तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसवण्याची पद्धत आणली. आपल्याकडे उलट झाले. मुंबईतील १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्णय उच्च न्यायालयाने फिरवला आणि पुढे ज्यूरीची पद्धतच लोप पावली. अशा विषयावर आजोबा आणि नातू जेवणाच्या पाटावर बोलू शकले, तर खेळावर खर्च झालेला वेळ वाया गेला असे म्हणवणार नाही.

खुनाची कथा आपल्या घरात?

अहिंसेचे संस्कार असलेल्या घरात हा प्रश्न येणारच आणि तो टाळू नये. बहुतेक रहस्यखेळांत मृत्यू कथेच्या आरंभी घडून गेलेला असतो. खेळणारा कोणावर शस्त्र उगारत नाही. निरपराधाला सोडवणे आणि सत्य उजेडात आणणे एवढेच त्याचे काम. ज्या खेळांत गोळ्या झाडून गुण मिळतात, त्यांच्यापेक्षा हा प्रकार मुळातच वेगळा आहे.

तरीही सगळे रहस्यखेळ सर्वांसाठी नाहीत. ‘डांगानरोन्पा’ या २०१० पासूनच्या मालिकेत कोंडलेले विद्यार्थी एकमेकांच्या जिवावर उठतात. तिची ‘डांगानरोन्पा २×२’ ही नवी आवृत्ती २०२६ साठी जाहीर झाली आहे आणि तरुणांत तिची मोठी चर्चा आहे. पण ती मोठ्यांसाठीची आहे. ‘फॅमिकॉम डिटेक्टिव्ह क्लब’ची पस्तीस वर्षांनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ‘एमियो’ ही नवी कथाही भीतिदायक व प्रौढ विषयाची आहे. वेष्टनावर किंवा विक्रीच्या पानावर वयाची खूण छापलेली असते. औषधाची मुदत पाहतो, तितक्याच सहजतेने ती पाहण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी.

लहानांसाठी लेटनच उत्तम. २००७ साली सुरू झालेल्या या मालिकेचा नायक उंच टोपी घालणारा प्राध्यापक आहे आणि कथेच्या प्रत्येक वळणावर कोडी आहेत. मालिकेतील कोडी ‘डोक्याचा व्यायाम’ या अर्थाच्या नावाने गाजलेल्या जपानी कोड्यांच्या पुस्तकांचे लेखक, मानसशास्त्राचे प्राध्यापक अकिरा तागो यांच्या देखरेखीखाली तयार झाली. आपल्याकडील वाघ, शेळी आणि गवत नदीपार नेण्याच्या कोड्याचे सोयरे तिथे भेटते. आणखी एक कोडे तर आपल्या गुजरीतच शोभावे : दिसायला सारखी आठ वजने आहेत, त्यांपैकी एक किंचित हलके आहे. तराजू फक्त दोनदा वापरून ते शोधा. उत्तर येथे देत नाही. दुकानात तराजू असेल तर मुलांना समोर बसवून करून पाहावे. कोडे अडले तर खेळात संकेत मिळतो, पण त्यासाठी खेळातच शोधून काढलेली नाणी द्यावी लागतात. खिशातील पैसा तिथे चालत नाही.

या मालिकेतील पहिला भाग आणि ‘एस ॲटर्नी’चे आरंभीचे तीन भाग मोबाइलवरही उपलब्ध आहेत. त्यामुळे नवा भाग येईपर्यंत महागडे यंत्र घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. सुटीत एक भाग घरातील दोघा-तिघांनी मिळून खेळावा. एकाने वाचावे, दुसऱ्याने वहीत नोंदी ठेवाव्यात, आणि पुढचे पान उलगडण्यापूर्वी प्रत्येकाने आपला संशय कारणासह सांगावा. इंग्रजी वाचनाचा सराव होईल, तो वेगळाच.

मराठीत कधी?

एक उणीव मात्र जाणवते. हे खेळ जपानी आणि इंग्रजीत आहेत, मराठीत नाहीत. वास्तविक मराठीकडे कथांचा साठा मोठा आहे. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी वाचकांच्या पिढ्या घडवल्या आणि ‘धनंजय’सारखा दिवाळी अंक आजही रहस्यकथांसाठी ओळखला जातो. अशा खेळांना प्रचंड भांडवल लागतेच असे नाही. ‘एस ॲटर्नी’चा पहिला भाग अवघ्या काही जणांच्या चमूने तयार केला होता. चांगली कथा, थोडी चित्रे, नेमके संवाद आणि चोख तर्क एवढ्यावर तो उभा राहिला.

कोल्हापुरात चित्रकार आहेत, नाटक-चित्रपटांची जाण आहे, संगणक शिकलेली मुले आहेत आणि नव्या उद्योगात रक्कम गुंतवण्याचे धैर्य असलेली घराणीही आहेत. गुजरीतील पेढी, गूळ-बाजारातील सौदा किंवा रंकाळ्याकाठचा जुना वाडा यांत घडणारी रहस्यकथा मराठी संवादांसह पडद्यावर यावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी असा खेळ रचण्याची इच्छा बोलून दाखवील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ‘हे काय खूळ’ असे म्हणण्याआधी तिची कथा शेवटपर्यंत ऐकून घ्यावी आणि मग खर्चाचा अंदाज विचारावा.