स्पंज देताना पाठ पाहा

आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली ब्युरोतर्फे रुग्ण सांभाळायला जातात. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्पंज देणे हे त्यांचे रोजचे काम. लोक त्याला नुसते अंग पुसणे समजतात. पण बेडसोअर वेळेवर सापडतो तो याच कामात.

आधी रुग्णाला सांगा, "आता पाठ पुसते हं." बोलता येत नसले तरी बहुधा ऐकू येत असते. दार लावा, पंखा बंद करा, पुसायचा तेवढाच भाग उघडा ठेवा. डोळे साध्या पाण्याने, नाकाकडून कानाकडे पुसावेत. जांघेचा भाग सर्वांत शेवटी; बायकांचा पुढून मागे. पाणी गार किंवा गढूळ झाले की बदलायचे.

मग कुशीवर वळवून माकडहाड, खुबे, घोटे, टाचा नीट पाहा. सतत दाबून राहिलेल्या जागी रक्त पोहोचत नाही आणि कातडी मरू लागते. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावरही लाली फिकी पडत नसेल तर बेडसोअर सुरू झाला समजा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक जागा हाताला लागते. ती चोळू नका (आपल्याकडे पावडर चोळायची फार हौस!). त्या अंगावर निजवू नका, साधारण दर 2 तासांनी कूस बदला आणि नर्सला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

कपडे घालताना लकव्याचा हात आधी, काढताना शेवटी.